सेम म्हणजे तोच की तसाच?

गोव्यात सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत वाड्यावर, म्हणजे वस्तीत, येतो. शेजारची दोन घरं त्याच्याकडून चार-चार उंडे, म्हणजे गोल पाव, घेतात. ही साधी गोष्ट इंग्रजीत 'वी ईट द सेम ब्रेड' अशी सांगता येते आणि 'वी बाय ब्रेड फ्रॉम द सेम बेकर' अशीही. सेम दोन्हीकडे आहे, पण काम वेगळं करतो. पहिल्या वाक्यात उंडे आठ आहेत. या घरचे या घरी संपले, त्या घरचे त्या घरी, फक्त जात एक. दुसऱ्या वाक्यातला पोदेर खरोखरच एक आहे: एक सायकल, एक टोपली. मराठीत हेच बोलताना आपण न ठरवता दोन शब्द वापरतो. 'आम्ही तसलेच उंडे खातो' आणि 'आम्ही त्याच पोदेराकडून घेतो'.

तोच आणि तसाच. इंग्रजीने हे दोन्ही एका शब्दात कोंबले आहेत, आणि सेम वापरताना मराठी माणसाची जी फसगत होते तिची सुरुवात बहुतेक वेळा इथेच होते. शाळेची व्याकरणं मात्र 'सेमच्या आधी द लावा' एवढं सांगून पुढच्या धड्याकडे वळतात.

तिसरा अर्थ आणखी एक आहे. 'ही इज स्टिल द सेम' म्हणजे तो अजून होता तसाच आहे, बदललेला नाही. इथे दोन माणसांची तुलना नाही, एकाच माणसाच्या कालची आणि आजची आहे. पणजीच्या मिरामार किनाऱ्याबद्दल कोणी म्हटलं, 'मिरामार इज नॉट द सेम', तर याचं मराठी 'मिरामार तेच नाही' असं केलं तर ऐकणारा गोंधळेल. 'मिरामार आता पूर्वीसारखं राहिलं नाही' हे सरळ मराठी.

शब्दाची जात मात्र आपल्या घरातलीच निघते. सेम इंग्रजीत आला तो साधारण बाराव्या शतकाच्या अखेरीस, उत्तरेकडच्या नॉर्स बोलणाऱ्या लोकांकडून. त्याआधी इंग्रजांचा यासाठीचा शब्द 'इल्का' होता. सेमने त्याला हाकलून दिलं. नॉर्सच्याही मागे गेलं की 'एक, एकत्र' अशा अर्थाचं एक फार जुनं मूळ लागतं, आणि त्याच मुळापासून संस्कृतचा 'सम' आला. म्हणजे सेम आणि समान हे चुलत भाऊ. सिंगल, सिम्पल, सिमिलर हेही त्याच गोतावळ्यातले, आणि होमिओपॅथीतला 'होमिओ'सुद्धा. आपला 'सारखा' मात्र 'सदृक्ष' या संस्कृत शब्दापासून आलेला आहे आणि त्यात दृश्, म्हणजे पाहणं आहे. सारखा म्हणजे दिसायला तसा. त्यामुळे जन्मतःच तो 'तसाच'च्या बाजूचा आहे, 'तोच'च्या नाही. 'सारख्या पोदेराकडून उंडे घेतले' असं कोणी म्हणत नाही ते म्हणूनच.

गोव्यात या सारखाला आणखी एक फाटा फुटतो. कोंकणीत 'सारकें' म्हणजे बरोबर, नीट. 'सारकें कर' म्हणजे नीट कर. मराठीत सारखा म्हणजे समान किंवा सतत, जसं 'सारखा फोन वाजतोय'. तेव्हा 'हें सारकें आसा' ऐकून कोल्हापूरहून आलेला माणूस 'कशासारखं?' असं विचारून बसतो. अशा मिश्र घरांत आणि कचेऱ्यांत सेम सोयीचा पडतो, कारण तो कुठल्याच बाजूचा नाही. शिवाय त्याला लिंग-वचन लागत नाही: सेम रंग, सेम साडी, सेम कुलूप, सेम चपला. सारखा-सारखी-सारखं-सारखे या कसरतीतून सुटका. मराठी बोलताना कोणी सेम म्हटलं म्हणून नाक मुरडायचं कारण मला दिसत नाही. गडबड होते ती हा मराठीतला सेम उचलून जसाच्या तसा इंग्रजी वाक्यात बसवला की.

पहिली गडबड त्या 'द'ची. 'आय वर्क इन सेम ऑफिस', 'वी हॅव सेम प्रॉब्लेम'. मराठीत द नाही म्हणून तो गळतो, असं कारण दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. 'तोच' हा शब्द उघडून पाहा: 'तो' आणि 'च'. तो म्हणजे 'द'चंच काम करणारा दर्शक, आणि च म्हणजे सेम. 'त्याच ऑफिसात' म्हणताना आपण 'त्या' गाळत नाही. 'च ऑफिसात' कोणी म्हणत नाही. तसंच इंग्रजीत द शिवाय सेम पांगळा. ही जोडी एकदा डोक्यात बसली की नियम पाठ करावा लागत नाही.

द ऐवजी चालतात ते फक्त त्याचेच भाऊ: धिस सेम, दॅट सेम, दीज सेम. 'अ सेम' चालत नाही. 'माय सेम पेन' हेही नाही, जरी मराठीत 'माझं तेच पेन' अगदी बिनचूक असलं तरी. तिथे 'द पेन आय ऑलवेज यूज' असं फिरवून म्हणावं लागतं. द खरोखर गाळता येतो तो तुटक बोलण्यात, जिथे बाकीचं वाक्यही गळालेलं असतं: 'सेम हियर', 'सेम टाइम टुमॉरो?', 'सेम अगेन, प्लीज'. पूर्ण वाक्य झालं की द परत आलाच पाहिजे: 'आय'ल हॅव द सेम अगेन'.

हा शेवटचा नमुना टॅव्हर्नातला, म्हणजे दारूच्या दुकानातला. 'सेम अगेन' म्हणजे तोच ग्लास नव्हे, तसलंच पेय, तेवढंच माप. मार्च ते मे या दिवसांत उराक पीत बसलेल्याने 'सेम अगेन' म्हटलं आणि समोर फेणी आली, तर ते सेम नाही. दोन्ही एकाच काजूबोंडाच्या रसाची: 'फ्रॉम द सेम फ्रूट' हे खरं. पण उराक पहिल्या गाळणीची, सौम्य. फेणी त्यानंतर पुन्हा गाळलेली, जवळपास तिप्पट कडक. 'दे आर मेड फ्रॉम द सेम फ्रूट, बट दे आर नॉट द सेम ड्रिंक.' या एका वाक्यात सेमचे दोन अर्थ शेजारी उभे आहेत आणि इंग्रज वाचकाला त्यात काही खटकत नाही. मराठीत करताना मात्र दोन शब्द लागतात: फळ तेच, पण पेय वेगळं.

दुसरी गडबड, सेमच्या पुढे काय यायचं त्याची. मराठी मनात 'माझ्यासारखा' असतं, सारखासाठी 'लाइक' पाठ असतो, म्हणून 'सेम लाइक मी' तयार होतं. इंग्रजीत सेमची जोडी 'ॲज'शी: 'हर साडी इज द सेम कलर ॲज माइन'. पुढे नुसतं नाम किंवा सर्वनाम असेल तर ॲजच, दुसरा पर्याय नाही. पुढे पूर्ण वाक्यांश असेल तर दोन वाटा आहेत: 'द सेम बस दॅट आय टुक येस्टर्डे' आणि 'द सेम बस ॲज आय टुक येस्टर्डे'. जुनी व्याकरणं सांगत की दॅट आला तर तीच बस, म्हणजे तीच नंबरप्लेट. ॲज आला तर तसली बस, म्हणजे त्याच मार्गावरची. भेद सुंदर आहे, पण लोक तो पाळत नाहीत. त्यावर विसंबून काही लिहू नये. पोलीस ठाण्यात जबाब देताना तीच बस म्हणायचं असेल तर बसचा नंबरच सांगावा.

याच वाक्यरचनेत आकार आणि वय येतं तेव्हा आपण उगाच 'हॅविंग' घालतो: 'बोथ आर हॅविंग सेम साइज'. इंग्रजी इथे फार आटोपशीर आहे. 'दे आर द सेम साइज', 'वी आर द सेम एज'. मध्ये काहीही नको.

आणि सेमला कमी-जास्त नसतं. 'व्हेरी सेम', 'मोर सेम' नाही. सेम आहे किंवा नाही. त्याच्या जवळपास असेल तर 'ऑलमोस्ट द सेम', 'मच द सेम', 'नॉट क्वाइट द सेम'. व्हेरी येतो तो द आणि सेम यांच्या मध्ये घुसून: 'द व्हेरी सेम हाउस' म्हणजे नेमकं तेच घर. जागा बदलली तर अर्थच उरत नाही.

आता च कडे परत, कारण तिथे गोव्यासाठी एक मजेची गोष्ट आहे. पोर्तुगीजमध्ये सेमला 'मेझ्मु' म्हणतात. नामाआधी आला की तोच: 'ओ मेझ्मु दीय', तोच दिवस. पण हाच मेझ्मु नामाच्या, क्रियाविशेषणाच्या मागे जाऊन बसतो तेव्हा तो हुबेहूब आपला च होतो. 'आकी मेझ्मु' म्हणजे इथेच. 'ओझ मेझ्मु' म्हणजे आजच. 'आगोरा मेझ्मु' म्हणजे आत्ताच. 'एउ मेझ्मु' म्हणजे मीच, मी स्वतः. इंग्रजी सेमला हे जमत नाही. 'हियर सेम', 'टुडे सेम' असं काही होत नाही, तिथे 'राइट हियर', 'दिस व्हेरी डे' अशी वेगळी माणसं बोलवावी लागतात. जुन्या पिढीतले जे लोक पोर्तुगीज शाळेतून आले त्यांना तोच आणि मेझ्मु एकमेकांत नीट बसत असणार. 'तसाच'साठी त्या भाषेत 'इग्वाल' हा शब्दही आहे. जर्मनही तोच आणि तसाच यांना वेगळे शब्द ठेवतं, आणि त्यांचे मास्तर त्यावरून मुलांना टोकतात. सगळं एकाच पोत्यात भरायची सवय इंग्रजीची.

कचेरीतल्या इंग्रजीत सेमचं एक वेगळंच रूप नांदतं. 'प्लीज फाइंड अटॅच्ड द बिल. काइंडली क्लिअर द सेम.' 'वी हॅव सेंट द फाइल. प्लीज कन्फर्म रिसीट ऑफ द सेम.' इथे द सेम सर्वनाम झाला आहे, म्हणजे नुसता 'इट'. कायद्याच्या जुन्या इंग्रजीत हा प्रयोग शेकडो वर्षं आहे, करारनाम्यात तो आजही चालतो. चूक म्हणता येणार नाही. पण साध्या पत्रात तो धोतरावर कोट घातल्यासारखा दिसतो, आणि त्याहून वाईट म्हणजे संदिग्ध ठरतो. 'वी रिसीव्ह्ड युअर लेटर, द प्लॅन अँड द चलन. प्लीज रिटर्न द सेम.' काय परत करायचं? पत्र, नकाशा, चलन, की तिन्ही? एक वस्तू असेल तर 'इट', अनेक असतील तर 'देम', आणि शंका येण्यासारखी जागा असेल तर वस्तूचं नाव पुन्हा लिहा. 'प्लीज रिटर्न द प्लॅन.' नाव पुन्हा लिहिण्याची लाज मराठी शाळांनी आपल्याला उगाच लावली आहे.

पोर्तुगीजही या रोगातून सुटलेलं नाही. ब्राझीलमध्ये लिफ्टबाहेर एक पाटी असते, तिचा अर्थ असा: लिफ्टमध्ये शिरण्याआधी 'सदरहू' या मजल्यावर थांबली आहे याची खात्री करा. सदरहू साठी तिथे मेझ्मुच आहे, आणि तिथले भाषाप्रेमी त्या पाटीची वर्षानुवर्षं टिंगल करतात. आपल्याकडचा 'सदर' हा या कुटुंबातला मराठी सभासद. 'सदर अर्जदाराने सदर अर्ज सदर कार्यालयात' असं वाचलं की कळतं, रोग भाषेचा नाही, कचेरीचा आहे.

पण एक जागा अशी आहे जिथे सेम अगदी अचूक लागतो आणि न लागला तर काम अडतं: 'वन अँड द सेम पर्सन'चं प्रतिज्ञापत्र. गोव्यात हा कागद जितक्या घरांत लागतो तितका क्वचितच कुठे लागत असेल, कारण इथे नावं तीन-तीन वेशांत फिरतात. पोर्तुगीज लिपीत के, डब्ल्यू आणि वाय ही अक्षरं परकी मानली जात. म्हणून 'नाईक' झाला एन ए आय क्यू यू ई, 'कर'ने संपणारी आडनावं सी ए आर ने लिहिली गेली, 'कामत' झाला कामोतीम, 'प्रभू' झाला पोरोब, आणि श साठी एक्स आला. गावांचंही तेच: डिचोली इंग्रजीत बी ने सुरू होते, केपे क्यू ने, आणि मडगावात नगरपालिकेचं स्पेलिंग एक, रेल्वे स्टेशनवरचं दुसरं. बाहेरच्याला सांगावं लागतं, 'मार्गांव अँड मडगाव आर वन अँड द सेम प्लेस'.

नमुना घेऊ. आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत व्ही आय टी ओ एल, पुढे एन ए आय क्यू यू ई. शाळेच्या दाखल्यावर विठ्ठल, एच घालून, आणि आडनाव एन ए आय के. आधार कार्डावर टी दोनदा आणि आडनाव एन ए वाय ए के. तीन कागद, माणूस एक. प्रतिज्ञापत्रातलं मुख्य वाक्य असं हवं: 'दॅट द थ्री नेम्स मेन्शन्ड अबव्ह रेफर टू वन अँड द सेम पर्सन, दॅट इज, मायसेल्फ.' इथे क्रियापद 'रेफर टू' आहे, हे महत्त्वाचं. पुष्कळ मसुद्यांत 'द थ्री नेम्स आर सेम पर्सन्स' असं आढळतं. त्यात चुका तीन: द गळाला, पर्सन्स अनेकवचनी केलं, म्हणजे माणसं एकाहून जास्त झाली आणि कागदाचा मूळ हेतूच बुडाला, आणि नावं म्हणजे माणसं नव्हेत, नावं माणसाकडे बोट दाखवतात.

वन आणि सेम दोन्ही कशाला? कायद्याच्या इंग्रजीला जोड्या लावायची खोड आहे हे खरं. पण इथे जोडीला कामही आहे. नुसतं 'द सेम' म्हटलं तर तसलाच असा अर्थ कोणी काढू शकतो. 'वन' त्या वाटेला कुंपण घालतो. मराठी मसुद्यात 'ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची, म्हणजे माझीच, आहेत' एवढं पुरतं. 'एक आणि समान व्यक्ती' असं भाषांतर करू नये. समान व्यक्ती म्हणजे दोन माणसं, बरोबरीची.

त्या कागदात अडतं ते सहसा इंग्रजीमुळे नाही, तपशिलामुळे. प्रत्येक नाव ज्या कागदावर आहे त्याचा क्रमांक, तारीख आणि देणारं कार्यालय त्या नावाशेजारीच लिहायचं. स्पेलिंग कागदावर आहे तसंच, टिंबासह, आद्याक्षरांसह. टंकलेखकाने 'सुधारून' दिलेलं नव्हे. वडिलांचं नाव आणि जन्मतारीख सगळीकडे जुळते का ते आधी पाहायचं. जन्मतारीखच वेगळी असेल तर सेम म्हणून भागत नाही, कारण अधिकारी ज्या धाग्यावरून तीन नावं एका माणसाला बांधतो तो धागाच तुटलेला असतो; तिथे आधी त्या नोंदीची दुरुस्ती लागते. आणि हा कागद नाव बदलत नाही. जुन्या नोंदीतलं नाव होतं तसंच राहतं. नाव किंवा आडनाव खरोखर बदलायचं असेल तर गोव्यात त्यासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे आणि त्याची वाट वेगळी.

दुकानातला सेम याच्या नेमका उलट, म्हणजे नेहमीच 'तसाच', आणि तिथे तो शब्द पुरेसा पडत नाही. भिंतीला उरलेला अर्धा हात द्यायला 'सेम क्रीम कलर' मागितला की दुकानदार क्रीमच देईल, आणि वाळल्यावर पट्टा दिसेल. शेड क्रमांक आणि शक्य असेल तर डब्यावरचा बॅच क्रमांक लिहून न्यावा. एकाच शेडचे दोन बॅच उन्हात वेगळे दिसू शकतात. लेखी ऑर्डरमध्ये 'सेम ॲज लास्ट टाइम' लिहिणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. मेक, मॉडेल, माप लिहा.

सेम टू सेम हे इंग्रजी नाही, आपलं आहे. लाललाल, गरमगरम, तंतोतंत म्हणणाऱ्या भाषांनी सेमलाही जोडीदार दिला. बोलताना मजेत म्हणा. इंग्रजी लिहिताना 'एग्झॅक्टली द सेम' किंवा 'आयडेंटिकल'. 'सेम पिंच'ही तसाच घरगुती, दोघींनी एका रंगाचा फ्रॉक घातला की चिमटा काढायचा. मराठीत याच कामाला हुबेहूब, तंतोतंत, जसाच्या तसा असे शब्द पडून आहेत. फक्त 'जशास तसं' त्या रांगेत उभं करू नये, तो सूड आहे. वहीत वरच्या ओळीसारखंच म्हणायला लोक 'डिट्टो' लिहितात, तो मूळचा इटालियन, अर्थ 'सांगितलेलं'. मोडीतल्या जुन्या हिशेबांत त्याच जागी 'कित्ता' असायचा.

काही ठरलेले प्रयोग शब्दशः घेतले की फसतात. 'ॲट द सेम टाइम'चा एक अर्थ एकाच वेळी, दुसरा 'पण त्याचबरोबर'. बातम्यांत हल्ली 'रस्ता झाला, त्याच वेळी त्याचा दर्जा सुमार आहे' असं वाचायला मिळतं. तिथे वेळेचा काही संबंध नाही, 'मात्र' हवं. 'ऑल द सेम' वाक्याच्या सुरुवातीला आला तर तरीसुद्धा: आकाश मोकळं आहे, 'ऑल द सेम' छत्री घेतो. 'इट्स ऑल द सेम टू मी' म्हणजे मला काही फरक पडत नाही. हे थोडं तुटक वाटतं, पाहुण्याने 'चहा की कॉफी?' याला दिलेलं उत्तर म्हणून तर नकोच. तिथे 'आयदर इज फाइन'.

राहिला 'सेम टू यू'. हा फक्त दोघांना लागू होणाऱ्या शुभेच्छेला परत करायचा: चवथीच्या, दिवाळीच्या, नाताळाच्या, नव्या वर्षाच्या. 'अँड द सेम टू यू' म्हटलं तर जास्त सभ्य. वाढदिवसाच्या शुभेच्छेला, 'गेट वेल सून'ला आणि 'हॅपी जर्नी'ला 'थँक यू' एवढंच. समोरचा कुठे जाणारच नसेल तर त्याला प्रवास सुखाचा होवो म्हणण्यात काय अर्थ? आणि शिवी दिल्यावर 'सेम टू यू' म्हणणं इंग्रजीत पूर्ण शुद्ध आहे.